समुद्राची चावी

आल्यापासून गल्लीतला जो तो विचारतो, समुद्र कसा होता. मी प्रत्येकाला एकच उत्तर देतो, प्रेशर चांगलं होतं.

लोक हसतात, पण मी विनोद केलेला नसतो. तीस वर्षं मी सोलापुरात पाण्याचा चावीवाला आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी ज्या भागाची पाळी, त्या दिवशी पहाटे तिथल्या चौकात जाऊन, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, कमरेइतक्या उंच चावीने खालचा व्हॉल्व्ह फिरवणारा जो माणूस असतो, तो मी. आमच्या भागात बारशाची तारीख ठरवताना लोक आधी मला विचारतात, मग गुरुजींना. अशा माणसाला एकदम अरबी समुद्रावर नेऊन सोडलं तर तो प्रेशरबद्दलच बोलणार.

पण प्रेशर सोडूनही तिथं बरंच काही होतं. ते जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गल्लीत उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही.

निघण्याआधी

ही सहल संदीपने, माझ्या मुलाने ठरवली. तो स्टेशनजवळ एका टूर्सच्या ऑफिसात कामाला आहे. लोकांना थेट सिंगापूरपर्यंत पाठवतो आणि स्वतः तुळजापूरच्या पुढे जात नाही. यंदा ऑफिसने त्याला मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजावर चार माणसांची जागा दिली. तीन रात्री, चौथ्या दिवशी सकाळी परत. तो, त्याची बायको अश्विनी, त्यांची पाच वर्षांची ईश्वरी, म्हणजे ईशू, आणि तिची आजी असा बेत होता. नेमका सीझन आला, संदीपला रजा मिळेना, आणि त्याच्या जागी मला घेतलं. म्हणजे मी जहाजावर चढलो तोच बदली खेळाडू म्हणून.

खरं तर सहल रद्दच व्हायची. कारण बेत ठरल्यावर, श्रावणात, ईशू हौदात पडली.

आमच्या अंगणात जमिनीत हौद आहे. पाण्याच्या दिवशी ईशूचं काम ठरलेलं असायचं. झाकण सरकवलं की काठावर उकिडवं बसायचं आणि नळीतून पहिली धार पडली की 'आलं, आलं' म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. त्या दिवशी मी चौकात चावी सोडून उभा होतो. आमच्या गल्लीला मी नेहमी दहा मिनिटं जास्त द्यायचो. हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात मला चहा मिळतो, तो काही माझ्या स्वभावामुळे नाही. त्या जास्तीच्या दहा मिनिटांत हौद काठोकाठ भरला, ईशू वाकून बघायला गेली आणि आत गेली. तिची आजी, म्हणजे आमची सुमन, जी एरवी गुडघ्यांमुळे जिना चढत नाही, ती स्वयंपाकघरातून दोन झेपांत आली आणि पोरीला वेणीला धरून वर काढलं. त्या गुडघ्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

पोरीला काही झालं नाही. थोडं पाणी नाकातोंडात गेलं, दोन दिवस ताप आला. पण त्यानंतर तिने डोक्यावर पाणी घेऊ दिलं नाही. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं, तेही फक्त आईने. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, तिचं तिला येऊ द्या.

अश्विनी मला एका शब्दाने बोलली नाही. ती मला मामा म्हणते, पहिल्यासारखाच चहा आणून देते. मीही काही बोललो नाही. काय बोलणार? दहा मिनिटांचं तिलाही ठाऊक होतं. फक्त ईशूला पुसायची वेळ झाली की ती न्हाणीघराची कडी आतून लावून घ्यायची. त्या कडीचा आवाज मला पार चौकापर्यंत ऐकू यायचा.

तर पाण्याला भ्यालेल्या पोरीला घेऊन समुद्रावर जायचं का, यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली. शेवटी अश्विनीने ईशूलाच विचारलं. ईशूने विचार करून अट घातली, आबा चावी घेऊन येणार असले तरच मी येणार. समुद्र वाढला तर बंद कोण करणार?

तिथल्या तिथे मी तिला सांगायला हवं होतं की बाळा, असं नसतं. पण समुद्राचा चावीवाला ही बढती मला तीस वर्षांत कोणी दिली नव्हती. मी माझी लहान चावी, गल्लीत वळणाऱ्या पाइपाच्या फाट्याची, हातभर लांबीची, दोन टॉवेलांत गुंडाळून पिशवीत घातली.

मुंबई, धक्का

चार माणसं आणि सात पिशव्या. विमानतळावर असतं म्हणतात तसं यंत्र होतं, त्यातून एकेक पिशवी जात होती. माझी पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेला माणूस पडद्याकडे, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे बघू लागला.

गणवेशातल्या एका बाईंनी टॉवेल उलगडले आणि चावी बाहेर काढली. काळी, गंजलेली, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. हे काय आहे, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी म्हणालो, चावी. कशाची? मागे रांग होती, त्यात परीटघडीचे कपडे घातलेली माणसं होती. मी शक्य तितक्या गांभीर्याने म्हणालो, पाण्याची.

खालून ईशूने दुरुस्ती केली, "समुद्राची."

बाईंनी माझं ओळखपत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला, भाषाही बदलली. "सोलापूरचे व्हय? मी वैरागची की." वैराग आमच्याच जिल्ह्यातलं, मला एकदम बार्शी नाक्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. पण नियम तो नियम. लोखंडी हत्यार जहाजावर नेता येत नाही. चिठ्ठी लावून इथेच ठेवतील, परत येताना मिळेल.

हे ऐकून ईशू जमिनीवर बसली. रडली नाही. रडणारं पोर उचलून नेता येतं. गप्प बसलेलं पोर उचलता येत नाही, ते वजनाला दुप्पट होतं. अश्विनी तिच्याकडे बघत होती, सुमन माझ्याकडे बघत होती, आणि तिचं बघणं मी तीस वर्षांपासून ओळखतो. लोखंड घेऊन कोण हवा खायला जातं, असं ते बघणं होतं.

वैरागच्या बाई रांग सोडून ईशूसमोर उकिडव्या बसल्या. "ही कशी फिरवायची ठाव हाय का तुला?"

ईशूने हवेत हात फिरवून दाखवला. "अशी उघडती. अशी बंद होती."

"मग झालं की. समुद्र हितनंच सुरू हुतो, ह्या धक्क्यापासनं. चावी तिकडं नेऊन काय उपेग? माज्यापाशी ठिव. पाणी लई वाढलं की मी हितनं बंद करते."

ईशूने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला जमंल?"

"आमच्याकडं बी ल्हानपणी पाळीनंच यायचं पाणी."

हे प्रमाणपत्र पटलं. ईशू उठली, फ्रॉक झटकला आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे चालू लागली. मी त्या बाईंचे आभार मानायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, जावा आता, मागं लई रांग हाय.

जहाजावर, पहिली सकाळ

जहाज कसं असतं, तर एखादी मोठी सोसायटी उचलून पाण्यात ठेवल्यासारखं असतं. लिफ्ट, जिने, दुकानं, नाटकगृह, आणि सगळीकडे पायाखाली मऊ गालिचा. चालताना आपण पाहुणे म्हणून आलो आहोत आणि चपला बाहेर काढायला विसरलो आहोत असं सारखं वाटत राहतं. हलतं का, असं सगळे विचारतात. हलतं, पण आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या झुलत्या नावेइतकं नाही. त्या नावेत मी एकदा ओकलो होतो, इथे नाही.

पहिल्या संध्याकाळी जहाज सुटताना सगळे लोक वर गच्चीवर गेले. ईशू गेली नाही. ती खोलीतल्या गोल खिडकीचा पडदा ओढून पलंगावर बसली आणि अश्विनी तिच्यापाशी. मी आणि सुमनने मुंबईचे दिवे मागे जाताना पाहिले. सुमन म्हणाली, "अश्विनीनं बघायला पायजे होतं हे." एवढंच म्हणाली, पण मला ते पुरलं.

मला रोजच्यासारखी साडेचारला जाग आली. सवयीने मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाहिला. पाणी. चांगली जाड धार. मी सुमनला हलवलं आणि हळूच म्हणालो, "आलंय."

सुमनने डोळेही नीट उघडले नाहीत. संसार करत वयाची पन्नाशी गाठलेली सोलापूरची बाई 'आलंय' या शब्दावर झोपेत काम करू शकते. तिने बर्फ ठेवायची स्टीलची बादली भरली, चहाची किटली भरली, चार ग्लास, कॉफीचे कप, आमच्या पाण्याच्या बाटल्या, आणि शेवटी खोलीतल्या डब्यात आतून नवी कोरी पिशवी आहे असं बघून तो कचऱ्याचा डबाही भरला. मग आम्ही समाधानाने परत झोपलो.

नऊ वाजता खोली आवरायला नेल्सन आला. मंगळूरचा, चाळिशीचा, अतिशय सभ्य माणूस. त्याने टेबलावर, जमिनीवर, खिडकीत ओळीने लावलेलं पाणी पाहिलं आणि हिंदीत विचारलं, काही पूजा आहे का? सुमन म्हणाली, पाणी आलं होतं म्हणून भरून ठेवलं. त्याला समजेना. मग मी व्यवसायाच्या भाषेत विचारलं, इथं पाणी किती ते किती असतं?

"बंद नहीं होता, अंकल."

मी दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं. जहाज समुद्राचंच पाणी आत घेऊन गोडं करतं आणि चोवीस तास सोडतं. त्यावर हसला नाही, कुठेही नापसंती दाखवली नाही. उलट जाताना म्हणाला, बादली राहू द्या भरलेली, असू दे. आणि खरोखरच शेवटपर्यंत त्याने ती बादली रिकामी केली नाही. हा माणूस मला आजही आठवतो. मोठ्या हॉटेलात आपल्या सवयीला हसणारे पुष्कळ भेटतात, तिला जागा देणारे थोडे.

तो दिवस जहाजावरच गेला. खाणं सकाळपासून मांडलेलंच असतं. मी गुलाबजाम समजून जे घेतलं ते मांस निघालं, आणि सुमनला एका बरणीत शेंगदाण्याचं लोणी सापडलं. तिने चमच्याने चाखलं आणि म्हणाली, ही शेंगाची चटणीच आहे, तिखट घालायला विसरलेत. वर पोरांसाठी तळं होतं, घसरगुंडी होती, कारंजी होती. ईशू तिथून जाताना कानांवर हात ठेवून, आईच्या ओढणीत तोंड खुपसून गेली. दुसऱ्या पोरांचं किंचाळणं ऐकून तिचे पाय भरभर पडू लागले. मी मागून चालत होतो. आपण काय करून बसलो आहोत, हे मागून चालताना फार स्वच्छ दिसतं.

गोवा

तिसऱ्या दिवशी सकाळी गोवा आलं. बसने एका किनाऱ्यावर नेलं आणि साडेतीनपर्यंत मोकळं सोडलं.

नारळाच्या झाडांखाली खुर्च्या होत्या आणि त्या भाड्याने देणारे एक वृद्ध गृहस्थ, अर्ध्या चड्डीत, उन्हाने तांबूस झालेले. पाणी खुर्च्यांपासून दहा-बारा पावलांवर येऊन फुटत होतं. ईशूने सगळ्यात मागची खुर्ची निवडली. मग आपल्या दोन्ही चपला काढून, पुढे जाऊन, पाणी येतं त्याच्या अलीकडे वाळूत रोवल्या आणि पळत परत आली. ही तिची हद्द. याच्या पुढे पाणी आलं तर आपण बसमध्ये जाऊन बसायचं, असं तिने आम्हाला बजावलं.

आम्ही बसलो. जेवण मागवलं. सोलकढी आली तेव्हा सुमन म्हणाली, हे गुलाबी ताक कुणी नासवलं, आणि मग तीन पेले प्याली. ऊन चढलं, माझा डोळा लागला. जागा झालो तो ईशूच्या आवाजाने. ती खुर्चीवर उभी होती.

"आबा, बाईंनी बंद केलं."

पाणी गेलं होतं. चपला होत्या तिथेच कोरड्या रोवलेल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे चांगली शंभर पावलं ओली वाळू आरशासारखी चमकत होती. पाणी पार तिकडे, लहान आवाज करत होतं. ईशूचा चेहरा असा फुलला होता की चार महिन्यांत पाहिला नव्हता. वैरागच्या बाईंनी मुंबईत चावी फिरवली होती आणि इथे समुद्र बंद झाला होता. तिने दोन्ही पाय खुर्चीवरून खाली ठेवले.

आता मी 'व्हय' म्हणालो असतो तर ती त्या क्षणी पाण्याकडे पळाली असती. चार महिन्यांचं ओझं तिथेच वाळूत उतरलं असतं. मी तोंड उघडलं आणि अश्विनीकडे नजर गेली. ती बघत होती, मी काय सांगतो ते. आणि माझ्या मनात आलं की हे पाणी संध्याकाळी परत येणार. समुद्र बंद आहे असं समजून बसलेल्या पोरीवर परत येणार. एकदा मी गल्लीला दहा मिनिटं जास्तीची दिली होती, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून. हीसुद्धा तीच दहा मिनिटं होती.

मी खुर्चीवाल्या आजोबांना हाक मारली आणि ईशूच्या देखत विचारलं, पाणी कुठं गेलं? ते म्हणाले, ओहोटी. परत येईल, भरती येईल. दिसाक दोन फावट. म्हणजे दिवसातून दोनदा. मला भरती म्हटल्यावर आजवर फक्त नोकरभरती आठवायची.

ईशू माझ्याकडे वळली. "दिवसात दोनदा? रोज? कोण सोडतं?"

"कुणीच सोडत न्हाय."

"मग बाई?"

"बाईंकडं आपल्या गल्लीची चावी हाय. समुद्राला चावी नसती, ईशू. मी तुला आधीच सांगायला पायजे होतं."

 मला वाटलं, झालं, आता ही परत खुर्चीवर पाय घेणार. पण तिने काढलं ते भलतंच होतं. हौदाबद्दल ती चार महिन्यांत आमच्यापैकी कुणाशी बोलली नव्हती.

"मी हाक मारली होती तुम्हाला. आत पडल्यावर. आबा बंद करा, म्हणून."

 आजवर मी समजत होतो की पोर पाण्याला भ्याली आहे. तिने बिचारीने पाण्यात पडल्यावर पाण्याच्या मालकाला हाक मारली होती आणि मालकाने चावी फिरवली नव्हती.

"मला ऐकूच आलं न्हाय गं. मी चौकात होतो."

"इतक्या लांब?"

"इतक्या लांब. आणि त्या दिवशी मी पाणी जरा जास्त वेळ चालू ठेवलं होतं. ठेवायला नको होतं. माझं चुकलं."

हे शेवटचं मी ईशूला म्हणालो, पण ते दोन खुर्च्यांपलीकडे जायला हवं होतं, आणि ते गेलं. अश्विनीने तोंड फिरवलं आणि पदर नसलेल्या ड्रेसला पदर शोधल्यासारखं केलं. सुमनने तिला आपला रुमाल दिला.

ईशूने खुर्चीपुढची वाळू पायाने सारखी केली. मग एखाद्या मोठ्या बाईसारखं म्हणाली, "चौकात असल्यावर कसं ऐकू येणार?" आणि समुद्राकडे बघून पुढे म्हणाली, "हौदातलं पाणी परत जात न्हवतं. हे आपलं आपण जातं की."

ती चालू लागली. आपल्या चपलांपाशी थांबली, त्या उपटून हातात घेतल्या, आणि पुढे गेली. आम्ही तिघं मागे, आवाज न करता. जिथे फेस विरतो तिथे ती उकिडवी बसली, अगदी हौदाच्या काठावर बसायची तशी. एक लाट आली, तिच्या अंगठ्याला लागली आणि मागे सरकली.

"आलं," ती म्हणाली. मग, "गेलं."

परत आली. "आलं." परत गेली. "गेलं." प्रत्येक वेळी आवाज थोडा मोठा. चार महिने पाण्याच्या दिवशी आमच्या घरात ही हाक नव्हती. सुमन पाणी भरायची, पण ते चोरून आल्यासारखं यायचं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्या मागे उभा राहिलो, वेळ पडलीच तर झेप घ्यायला. वेळ पडली. एक मोठी लाट आली, मी झेप घेतली, पाय वाळूत रुतला आणि मीच आडवा झालो. चष्मा गेला तो गेलाच. ईशू गळ्यापर्यंत भिजून, तोंडावर पाणी निथळत, आधी आईकडे, मग वाळूत पसरलेल्या माझ्याकडे बघत राहिली. तिचं तोंड वाकडं झालं. 

"आबा पडले," ती म्हणाली, आणि हसायला लागली. अश्विनीही हसली. सुमन तर इतकी हसली की खुर्चीवाले आजोबा मला उठवायला आले.

जहाजावर, परत येताना

खोलीत आलो तेव्हा ईशूच्या केसांत अर्धा गोवा होता. फडक्याने निघण्यातला नव्हता. न्हाणीघरात फवारा होता, पण तिला तो नको होता. वरून अचानक पडतं ते पाणी कुठून येणार कळत नाही, म्हणाली. बादली-तांब्या पाहिजे.

जहाजावर सगळं मिळतं, तांब्या मिळत नाही. तेव्हा सुमनने नेल्सनने राखून ठेवलेली ती बर्फाची बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि वर एक कॉफीचा कप दिला. मी बाहेर पलंगाच्या कडेला बसलो आणि सवयीने कडीचा आवाज यायची वाट बघत राहिलो.

आवाज आला नाही. अश्विनीच दारात आली. "मामा, तुमी घाला तिला पाणी. मी केस धरते."

मी तीस वर्षांत किती घरांना पाणी दिलं याची गणती नाही. पण त्या दिवशी कॉफीच्या एका कपाने जेवढं जपून घातलं तेवढं कधी घातलं नव्हतं. प्रत्येक कपाआधी मी सांगायचो, आलं. ईशू डोळे गच्च मिटायची, आणि पाणी ओघळून गेलं की स्वतःच म्हणायची, गेलं. असे एकवीस कप झाले. दार सताड उघडं होतं, आणि बाहेर सुमन कुणाला तरी, बहुधा देवाला, हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

त्यानंतर ईशूने खिडकीचा पडदा उघडला. सूर्य पाण्यात जात होता. ते बघायला म्हणून ती थांबली आणि तशीच, ओल्या केसांनी, खिडकीत टेकून झोपली.

धक्का, शेवटची सकाळ

उतरताना माझी पावती घेऊन मी ठेवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी गेलो. वाटलं, पाळी बदलली असेल, दुसरंच कुणी असेल. पण वैरागच्या बाई होत्या. त्यांनी मागच्या कपाटातून चावी आणली, तिला चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती, आणि गंज पुसल्यासारखा दिसत होता. मी चष्म्याशिवाय असल्याने माझा समजही असेल.

त्या ईशूला म्हणाल्या, "काय गं, बराबर बंद ठिवला होता का न्हाय मी समुद्र?"

मी अश्विनीकडे बघितलं. पोर आता त्या चांगल्या बाईला तोंडावर काय सांगते, याची आम्हाला धास्ती.

"बंद कुठं?" ईशू म्हणाली. "चालूच होता. तरी मी आत गेले."

 बाईंनी चावी खिडकीतून पुढे केली, माझ्याकडे नाही, ईशूकडे. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, वजनाने थोडी वाकली, आणि वळून माझ्यासमोर धरली.

"घ्या आबा. समुद्राला न्हाय लागत. आपल्या गल्लीला लागती."

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागाची पाळी होती. मी चौकात चावी सोडली आणि घड्याळ बघून, अगदी वेळेवर, बंद केली. त्या दिवशी तीन घरांनी मला चहाला बोलावलं नाही. घराकडे वळलो तेव्हा हौदाच्या नव्या जाळीपाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं आणि 'गेलं, गेलं' म्हणून सगळ्या गल्लीला सांगत होतं.